राजानं मान्य करावी अशी अट

ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या आवडीनं वाचणारी माणसं ती आवड चारचौघांत सांगताना थोडी ओशाळतात. ‘स्वामी’ किंवा ‘राऊ’ वाचली म्हणून कुणी लाजत नाही, कारण आपण इतिहास वाचला असं म्हणायची सोय तिथे असते. पण त्यातला हट्टी नायिका आणि तालेवार नायक यांच्या ओढाताणीचा भागच आपल्याला आवडला, हे कबूल करणं जड जातं. टीकाकारांनीही या आवडीची फारशी चौकशी केलेली नाही. ती स्वप्नरंजनाच्या खात्यात टाकली की काम भागतं, असा एकूण समज. माझं म्हणणं असं, की या आवडीच्या मुळाशी राजवाडा नाही आणि राजाही नाही. तिच्या मुळाशी एक सौदा आहे. जिच्या हातात काहीच नाही अशी बाई, ज्याच्या हातात सगळं आहे अशा पुरुषासमोर एक अट ठेवते आणि ती अट पुरी होते का हे पाहण्यासाठी आपण पानं उलटत राहतो. नायक उच्चकुलीन असावा लागतो तो याचसाठी. अट मान्य करून ती तडीस न्यायची ताकद त्या समाजात दुसऱ्या कुणाकडे नसते.

हे तपासून पाहायला सगळ्यात चांगली जागा आहे मऊरानीपूर. झाशी जिल्ह्यातलं, सुखनई नदीकाठचं हे जुनं व्यापारी गाव एके काळी खारुआ नावाच्या लाल रंगाच्या जाड्याभरड्या कापडासाठी ओळखलं जाई. झाशीच्या मराठी सुभेदारांचा, पुढे नेवाळकरांचा अंमल या मुलखावर होता, त्यामुळे मराठी इतिहासालाही ते अगदी परकं नाही. ९ जानेवारी १८८९ रोजी इथे वृंदावनलाल वर्मा जन्मले. पेशानं ते झाशीचे वकील, छंदानं शिकारी आणि एरवी हिंदीतले सर्वांत लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीकार. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि हिंदीचे स्कॉट ही पदवीही त्यांना चिकटली. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६९ मध्ये ते वारले. मराठी वाचकाला ते माहीत असलेच तर ‘झाँसी की रानी’ या १९४६ च्या कादंबरीमुळे, किंवा अमोल पालेकरांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘मृगनयनी’ मालिकेमुळे. स्कॉटकडून त्यांनी किल्ले, लढाया आणि मोठा पट घेतला. मात्र स्कॉटच्या गोऱ्यापान, आज्ञाधारक नायिका त्यांनी घेतल्या नाहीत. त्यांच्या नायिका बुंदेलखंडाच्या जंगलात तिरकमठा घेऊन हिंडतात आणि पोट भरण्यासाठी शिकार करतात. शिकारीच्या आठवणींचं ‘दबे पाँव’ हे पुस्तक लिहिणाऱ्या या वकिलाला रानातलं सगळं आतून ठाऊक होतं. म्हणूनच त्या नायिकांचा कणखरपणा वरून चिकटवलेला वाटत नाही.

‘मृगनयनी’ १९५० ची. ग्वाल्हेरचा तोमर राजा मानसिंह (राज्यकाल १४८६ ते १५१६) आणि राई गावची गुजर मुलगी निन्नी यांची ही गोष्ट. मस्तवाल रानरेड्याला भिडणाऱ्या मुलीची ख्याती राजाच्या कानावर येते, राजा शिकारीला येतो, तिला पाहतो आणि मागणी घालतो. इथवर कुठल्याही लोककथेतलं आहे. रस सुरू होतो तो पुढे. राजानं मागणी घातल्यावर मुलीनं लाजून मान खाली घालायची असते. ही मुलगी मात्र विचारते, की माझ्या गावच्या नदीचं पाणी मला किल्ल्यात मिळेल का? ग्वाल्हेरच्या दंतकथेत याला आणखी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत, वेगळा महाल आणि लढाईत राजाच्या बरोबरीनं राहण्याचा हक्क. वर्मांनी ही दंतकथा उचलली आणि तिच्यातली चमत्काराची चमक पुसून तिला व्यवहार केलं. राई ते ग्वाल्हेर पाणी आणायचं म्हणजे मोजणी, खोदकाम, मजूर आणि राजाचा खजिना. गावातल्या कुणा शेतकऱ्यानं निन्नीवर कितीही जीव टाकला असता तरी सांक नदी वळवणं त्याला शक्य नव्हतं. राजाचं राजेपण या कादंबरीत उपयोगी पडतं ते एवढ्याच एका कामाला, आणि ते काम तिनं सांगितलेलं असतं. (जाता जाता: ग्वाल्हेर शहराला आजही पाणी मिळतं ते याच सांक नदीवरच्या, १९१६ साली बांधलेल्या तिघरा धरणातून. मागणी अव्यवहार्य नव्हती.) किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल अजून उभा आहे आणि त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. मानसिंहाच्या आठ राण्या आधीच होत्या. नववीनं त्यांच्यात न मिसळता आपला उंबरठा वेगळा ठेवला, या गोष्टीला दगडाचा पुरावा आहे असं लोकांना वाटावं, यात नवल नाही.

लग्नानंतरही वर्मा सौदा संपवत नाहीत. बहुतेक प्रणयकथा लग्नाशी थांबतात, कारण पुढे काय लिहायचं हे लेखकाला सुचत नाही. इथे निन्नीची मृगनयनी होते, लिहाय-वाचायला शिकते, गायक बैजूकडून गाणं शिकते आणि राजाला वेळोवेळी आठवण करून देते, की मोह आवरला नाही तर दिल्लीचा सिकंदर लोदी दारात आहे. गुजरी तोडी या रागाचं नाव याच राणीशी जोडणारी परंपरा वर्मांनी चतुराईनं वापरली आहे. धृपदाला आश्रय देणारा, ‘मानकुतूहल’ ज्याच्या नावावर आहे असा रसिक राजा आणि त्या रसिकतेला शिस्त लावणारी गावंढळ मुलगी. प्रेमप्रसंगांपेक्षा हे दोघं राज्यकारभारावर बोलतात ती पानं मला अधिक शृंगारिक वाटतात. सत्ता असलेला माणूस कान देऊन ऐकतो आहे, यासारखं आकर्षक दृश्य प्रणयकादंबरीत दुसरं नाही.

‘कचनार’मध्ये हीच अट आणखी उघडी पडते. धामोनीच्या गोंड राज्यात राणीबरोबर माहेराहून आलेली दासी कचनार. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा दासीवर राजाचा हक्क गृहीत धरलेला. राजा दलीपसिंहाला ती हवी असते. ती सांगते, आधी भाँवर, म्हणजे अग्नीभोवतीचे फेरे, मग बाकीचं. तिला ना घराणं, ना माहेरचा आधार, ना पळून जायला जागा. आणि तरी ती वाक्य मागे घेत नाही. पुढे राजा जखमी होतो, स्मृती घालवून बसतो, गोसाव्यांच्या आखाड्यात राहतो, अशी बरीच गुंतागुंत आहे आणि ती थोडी लांबलीही आहे. वाचकाला धरून ठेवतं ते मात्र ते एक वाक्य. ज्या राजाला नाही ऐकायची सवय नाही, त्याला स्मृतीसकट सगळं गमावल्यावरच माणूस म्हणून तिच्यासमोर उभं राहता येतं, ही रचना वर्मांच्या कथनकौशल्याचा उत्तम नमुना आहे.

हा साचा फक्त आपल्याकडचा नाही. ‘मृगनयनी’ आली त्याच १९५० साली इंग्लंडमध्ये जॉर्जेट हेयरची ‘द ग्रँड सोफी’ आली. सोफी पिस्तूल चालवते, घोडा दामटते, नातेवाइकांची लग्नं मोडते आणि जुळवते, आणि लॉर्ड घराण्याच्या घमेंडखोर थोरल्या मुलाला पुस्तकभर धड श्वास घेऊ देत नाही. दोन लेखकांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. एकीकडे तिरकमठा, दुसरीकडे पिस्तूल. दोन्हीकडे पुरुषाचं घराणं मोठं आणि बाईची जीभ त्याहून मोठी. हेयरच्या हातात विनोदाचं जे अस्त्र आहे ते वर्मांकडे नाही, हे मान्य करायला हवं. वर्मांच्या नायिका शूर आहेत पण क्वचितच खट्याळ आहेत. लग्नाआधी निन्नी आणि तिची मैत्रीण लाखी जंगलात एकमेकींची थट्टा करतात तेवढीच काय ती सुटका.

सौदा हा या प्रकाराचा प्राण असेल, तर सौदा फसतो तिथे कादंबरीची जातच बदलायला हवी, आणि बदलतेही. ‘विराटा की पद्मिनी’मधली कुमुद ही दाँगी समाजातली मुलगी, लोक तिला देवीचा अवतार मानतात. तिच्यावर जीव असलेला कुंजरसिंह राजाचा मुलगा आहे, पण दासीपुत्र. रक्त राजाचं, अधिकार कुणाचाच नाही. तो तिला काही देऊ शकत नाही, साधं संरक्षणही नाही, आणि शेवटी ती बेतव्याच्या डोहात उडी घेते. ‘गढ कुंडार’ त्याहून अस्वस्थ करणारी. खंगार राजपुत्र नागदेव बुंदेल्यांच्या हेमवतीला मागणी घालतो आणि ती बाणेदारपणे नकार देते. आपण टाळ्या वाजवायला हात वर करतो आणि ते तसेच राहतात, कारण तिचा नकार उभा आहे जातीच्या अहंकारावर. खंगार हलके, म्हणून नको. मग बुंदेले लग्नाचं नाटक रचतात आणि दारूत बुडालेल्या खंगारांची कत्तल करतात. ठाम नायिका म्हणजे आपोआप चांगली नायिका, असं समजणाऱ्या वाचकानं ही कादंबरी जरूर वाचावी. नाही म्हणण्यात तेज असतं, पण नाही कशासाठी हे विचारल्याशिवाय त्या तेजाची किंमत कळत नाही. वर्मांनी हे आपल्या पहिल्याच मोठ्या ऐतिहासिक कादंबरीत ओळखलं होतं.

आता मराठीकडे. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची परंपरा ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासूनची आणि हिंदीपेक्षा जुनी. हरिभाऊ आपट्यांनी ‘रूपनगरची राजकन्या’ लिहिली तेव्हा अट घालणारी नायिका आपल्याकडे दिमाखात आली होती. औरंगजेबाची मागणी झिडकारून ती मेवाडच्या राजसिंहाला स्वतः बोलावून घेते, म्हणजे एका राजाला दुसऱ्या बादशहाशी वैर पत्करायला लावते. पुढे मात्र आपल्या लेखकांचं लक्ष नायकावर खिळलं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) मराठी घराघरांत पोचली. तिच्यातल्या रमाबाईंचं माधवरावांवरचं प्रेम देखणं आहे, पण त्या काही मागत नाहीत. थेऊरला सती जाण्यापर्यंत त्यांचा प्रवास देण्याचाच आहे. वाचकाचे डोळे भरून येतात आणि ते खरंच आहे, पण तो भक्तीचा आनंद, वाटाघाटीचा नव्हे. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ (१९७२) जास्त गुंतागुंतीची. मस्तानी बुंदेलखंडाचीच; छत्रसालाच्या मदतीला बाजीराव १७२९ मध्ये जैतपूरला धावला, त्या मोहिमेतून आलेली. हिंदुस्थानभर ज्याच्या घोडदौडीचा धाक, त्या पेशव्याला पुण्यात आपल्याच घरात तिला सन्मानानं बसवता येत नाही. ‘मृगनयनी’त राजा नदी वळवतो, ‘राऊ’त पेशव्याला एक पंगत वळवता येत नाही. इनामदारांनी सत्तेची ही हद्द नेमकी पकडली, म्हणून ‘राऊ’ शोकांतिका झाली. पण अट घालायची संधी त्यांनीही मस्तानीला फारशी दिली नाही. तिचं दुःख आपल्याला कळतं, तिचा हिशेब कळत नाही. हट्टी नायिका शोधणाऱ्या मराठी वाचकाला त्यामुळे कधी अनुवादांकडे, कधी इंग्रजीकडे वळावं लागलं.

पहिला आक्षेप उघड आहे: हे सगळं सरंजामी स्वप्न. राजे-रजवाडे गेले, त्यांनी केलेल्या जुलमांचे वळ अजून गेले नाहीत, आणि आपण त्यांच्या महालांत प्रेम शोधत बसायचं? आक्षेपात दम आहे. पण काळ लक्षात घ्या. ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, १९५० मध्ये प्रजासत्ताक आलं, आणि उत्तर प्रदेशातला जमीनदारी निर्मूलनाचा कायदाही त्याच सुमारास झाला. ‘मृगनयनी’ राजा असलेल्या लोकांनी वाचली नाही, नुकताच राजा गेलेल्या लोकांनी वाचली. ज्याची जरब संपली आहे त्यालाच गोष्टीत बसवून त्याच्याकडून हवं ते करून घेता येतं. डोक्यावर बसलेला राजा प्रणयकादंबरीत चालत नाही. त्याचे पोवाडे होतात. आणि या कादंबऱ्या राजाची आरती करतात म्हणावं, तर राजा प्रत्येक वेळी परीक्षेला बसवला जातो आणि परीक्षक गुराख्याची मुलगी किंवा दासी असते.

तरीही या आक्षेपाचं सगळ्यात धारदार रूप खुद्द वर्मांनीच ‘मृगनयनी’च्या आत पेरून ठेवलं आहे. निन्नीचा भाऊ अटल गुजर, लाखी अहीर. दोघांचं प्रेम राजा-राणीच्या प्रेमाइतकंच खरं. राजानं गुजर मुलीशी लग्न करायचं ठरवल्यावर बोधन पुजारी शास्त्रार्थ शोधून काढतो. तोच पुजारी अटल आणि लाखीच्या लग्नाला मात्र नाही म्हणतो. दोघांना गाव सोडावं लागतं, नटांच्या टोळीबरोबर भटकावं लागतं. नरवरच्या किल्ल्यावर नट लाखीला फसवून दोरावरून पलीकडे नेऊ पाहतात तेव्हा ती दोर कापते आणि किल्ला वाचवते. निन्नीपेक्षा लाखी जास्त संकटांतून जाते, जास्त निर्णय एकटीनं घेते, आणि अट घालायला तिच्यासमोर कुणीच नसतं, कारण तिचा प्रियकर शेतकरी आहे. राजाचं प्रेम हा या समाजातला परवाना आहे, ज्याला तो नाही त्यानं दंड भरायचा, हे दोन जोडप्यांना शेजारी ठेवून वर्मा जितक्या स्वच्छपणे दाखवतात तितकं स्पष्ट वास्तववादी म्हणवणाऱ्या कैक कादंबऱ्यांना जमलेलं नाही. आणि बोधनला त्यांनी खलनायकही केलं नाही: हाच हटवादी ब्राह्मण सिकंदर लोदीसमोर दोन्ही धर्म खरे आहेत असं सांगतो आणि जीव गमावतो. बोधनाच्या वधाला फारसी तवारिखांचा आधार आहे. एकाच माणसात इतकं धैर्य आणि इतकी कोती नजर असू शकते, हे पटवणारी पात्रं प्रणयकादंबरीत सहसा सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. मानसिंह खरा, गुजरी महाल खरा, बाकीचं लोकांच्या तोंडचं. शिवाय काही चित्रं सरळसरळ भडक आहेत. मांडूचा गियासुद्दीन खिलजी आणि गुजरातचा महमूद बेगडा यांना वर्मांनी जनानखाना आणि खादाडपणा यांपलीकडे फारसं काही ठेवलं नाही. तवारिखांत या गोष्टी आहेत हे खरं, पण निवड लेखकाची असते, आणि इथे ती आळशी आहे. हेयरच्या ‘ग्रँड सोफी’तलं ज्यू सावकाराचं चित्रही असंच हिणकस. नायिकेचं तेज वाढवायला समोर बाहुला उभा करायची खोड या साहित्यप्रकाराला जागोजाग लागली आहे आणि तिचं समर्थन करता येणार नाही. ‘झाँसी की रानी’चा प्रश्न वेगळा. वर्मांचे पणजोबा दिवाण आनंदराय १८५८ मध्ये राणीच्या बाजूनं मऊच्या लढाईत पडले. राणीच्या गोष्टी घरात ऐकतच वर्मा वाढले. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी १८९४ मध्ये मराठीत लिहिलेल्या चरित्रात राणी इंग्रजांच्या वतीनं झाशी सांभाळत होती आणि नाइलाजानं लढली असा सूर आहे. वर्मांना तो सहन झाला नाही, आणि ती स्वराज्यासाठीच लढली हे सिद्ध करायला त्यांनी कागद धुंडाळले, जुनी माणसं गाठली, कादंबरी लिहिली. या वादात माझा कौल पारसनिसांकडे थोडा झुकतो. जून १८५७ मध्ये राणीनं सागरच्या कमिशनर अर्स्किनला लिहिलेली पत्रं आहेत आणि तिनं तूर्त कारभार पाहावा असं त्याचं उत्तरही आहे. पण झाशी शहर राणीभोवती कसं उभं राहिलं, झलकारी कोण, मोतीबाई आणि जुही कोण, हे पारसनिसांच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. कादंबरीचा पुरावा म्हणून वापर करू नये, आणि पुरावा नाही म्हणून ती फेकूही नये. वाचक इतका भाबडा नसतो. पाणी खरंच राईहून आलं का, हे त्याला माहीत नसतं. ते मागितलं गेलं हे त्याला आवडलेलं असतं.

तिसरा आक्षेप बायकांच्या वाचनाबद्दलचा, आणि तो बहुधा बायकांच्या काळजीच्या आवाजात पुरुष घेतात: अशी पुस्तकं वाचून मुलींना वाटू लागतं की योग्य पुरुष भेटला की सगळं मार्गी लागेल. अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात प्रणयकादंबऱ्यांच्या नियमित वाचक असलेल्या गृहिणींना प्रत्यक्ष बोलतं केलं. त्या स्त्रियांना नायिका हुशार आणि स्वतंत्र बाण्याची हवी होती, नायकानं तिची काळजी घ्यायला शिकायला हवं होतं, आणि वाचनाचा वेळ हा घरातल्या सगळ्यांच्या मागण्यांपासून आपण राखून ठेवलेला वेळ आहे असं त्या सांगत होत्या. रॅडवेंनी त्यांच्या आवडीचं सरसकट कौतुक केलं नाही. या कथा शेवटी व्यवस्थेशी जुळवून घ्यायला शिकवतात, ही शंकाही त्यांनी मांडली. पण ज्या वाचकांना भाबडं समजलं जात होतं त्या पुस्तक निवडताना काटेकोर होत्या, एवढं तरी त्यातून कळलं. आपल्याकडची सर्क्युलेटिंग लायब्ररी ज्यांच्या वर्गणीवर चालली त्या बायकांना कुणी असं विचारलं असतं तर उत्तरं फार वेगळी आली नसती, असा माझा तर्क आहे.

उरतो तो शेवटचा आणि मला सगळ्यात अवघड वाटणारा मुद्दा: अट घालणारी नायिका शेवटी सगळं सोडूनच देते. मृगनयनी आपल्या मुलांचा गादीवरचा हक्क स्वखुशीनं सोडते आणि थोरल्या राणीचा मुलगा विक्रमादित्य वारस ठरतो. स्वतःसाठी नदी मागणारी बाई मुलांसाठी काहीच मागत नाही, हा त्याग लेखकानं तिच्यावर लादला असं म्हणता येईल, आणि १९५० च्या वाचकाला राणी त्यागी असल्याशिवाय पचली नसती हेही खरं. पण तिनं सोडलं ते काय होतं? मानसिंहानंतर थोड्याच वर्षांत ग्वाल्हेर लोदींनी घेतलं आणि विक्रमादित्य १५२६ मध्ये पानिपतावर इब्राहिम लोदीच्या बाजूनं लढताना पडला. वर्मांना हे ठाऊक होतं, वाचकालाही ठाऊक आहे. तेव्हा राणीच्या त्यागानं मी फारसा हळहळत नाही. मला खटकतो तो लाखीचा शेवट. राजानं लग्न लावून दिल्यावर, राईची गढी सोपवल्यावर, आता कुठे तिला काही मागता येईल अशी वेळ येते आणि वर्मा तिला गढीच्या लढाईत मारून टाकतात. निन्नीला त्यांनी लग्नानंतरची अर्धी कादंबरी दिली. लाखीला गढीत संसार करताना, गावाशी भांडताना, पुजाऱ्यांना उत्तर देताना पाहायचं वाचकाच्या वाट्याला आलं नाही. ती कादंबरी हिंदीत झाली नाही, मराठीतही नाही.